वरच्या कप्प्यातली बाटली

आधीच सांगते, यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही.

ज्यांना पटेल त्यांना पटेल. हे जिच्या बाबतीत घडलं ती माझी मावसबहीण. मी तिला ताई म्हणते. ताई रसायनशास्त्र शिकलेली. लहानपणी आम्ही पोरं भुताच्या गोष्टी सांगायला बसलो की ही मध्येच विचारायची, "भूत भिंतीतून आरपार जातं ना? मग ते जमिनीतून खाली का पडत नाही?"

झालं. सगळ्या गोष्टीचा विचका.

आता ती असले प्रश्न विचारत नाही.

आणि हो, रात्र नव्हती. टळटळीत दुपार होती. वारा पडलेला. सावली पायाखाली. असलं काही अंधारातच घडतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर वाचावं.

ताईच्या सासरच्या गावाबाहेर एक कारखाना होता. खनिज धुऊन धातू काढायचा. धुतलेलं पाणी मागच्या मोठ्या तळ्यात सोडून द्यायचा. वर्षानुवर्षं. ते पाणी कायम कोमट असायचं, म्हणून गाव त्याला गरम तळं म्हणायचं. कारखाना कधीच बंद पडला. तळं मात्र राहिलं. तळाशी पुरुषभर गाळ, आणि त्या गाळात नको नको ते सगळं.

तो गाळ उपसायचा तर ठेवायचा कुठे, हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून ठरलं, तोवर नुसतं झाकायचं.

ताई त्या कामावर लागली. पहिल्याच दिवशी साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "पाणी काढायचं, शुद्ध करायचं. गाळावर वाळू, वाळूवर जाड कापड, त्यावर काळी प्लास्टिकची चादर. पावसाचा थेंब आत जाता कामा नये, आतला थेंब गावच्या विहिरींत जाता कामा नये. खरी सफाई पुढे, वीस-तीस वर्षांनी. तंत्र येईल तेव्हा."

"म्हणजे केर काढायचा नाही, सतरंजीखाली सारायचा," मागून कुणीतरी म्हणालं.

हे इस्त्रीमामा. चादरीच्या पट्ट्या एकमेकींना गरम यंत्रानं चिकटवायचं काम त्यांचं. यंत्र जोडावरून इस्त्रीसारखं फिरायचं, म्हणून ते नाव. खरं नाव बहुतेक त्यांच्या बायकोलाच माहीत असावं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, मामा," साहेब म्हणाले.

"उघडणार कोण, ते बोला."

यावर सगळे हसले. ताई हसली नाही. तिची लेक, पिटुकली, तेव्हा नुकतीच पूर्ण वाक्यं बोलायला लागली होती. ताईच्या मनात आलं... वीस-तीस वर्षांनी पिटुकली माझ्या वयाची असेल.

ताईचं काम जोड तपासायचं. पद्धत साधी. जोडावर ब्रशनं साबणाचं पाणी फासायचं. त्यावर एक पेटी ठेवायची, तळ उघडा, झाकण काचेचं. पंप लावून पेटीतली हवा ओढून घ्यायची. जोडात टाचणीएवढं जरी भोक असलं तरी खालची हवा वर येते आणि साबणात बुडबुडा दिसतो.

बुडबुडा नाही, तर जोड पास. बुडबुडा आला, तर मामांनी ठिगळ लावायचं आणि ताईनं पुन्हा तपासायचं.

महिना असाच गेला. वरवर सगळं ठीक.

एक गोष्ट सोडली तर.

पाणी असताना तळ्यावर पाखरं बसून मरू नयेत म्हणून एक आवाजी तोफ लावलेली होती. थोड्या थोड्या वेळानं धडाम करायची. पाणी गेलं, चादर आली, तोफ काढून नेली. आता पाखरांना भ्यायचं काही कारण नव्हतं.

तरी थवा सरळ यायचा... तळ्याच्या काठाशी वळायचा... आणि कडेकडेनं लांबून वळसा घालून जायचा.

एकही पाखरू वरून गेलं नाही.

मग ती दुपार आली.

ताई गुडघ्यांवर बसून एक जोड तपासत होती. पंप सुरू. काचेखाली साबणाचा पातळ थर चकाकत होता. सगळं स्वच्छ. ती पेटी उचलणार, एवढ्यात...

टप. टप. टप.

तीन बुडबुडे. लहान, एकसारखे. मग काही नाही. ती थांबली. पुन्हा तीन. पुन्हा काही नाही.

भोकातून हवा येते तेव्हा बुडबुडे सलग येतात, फेसासारखे. असे मोजूनमापून येत नाहीत.

"मामा, इथे ठिगळ."

मामांनी ठिगळ मारलं. ताईनं पुन्हा साबण लावला, पेटी ठेवली. जोड पास. ती हातभर पुढे सरकली.

टप. टप. टप.

"मॅडम, तुमचा साबणच खोडकर दिसतोय," मामा म्हणाले.

पुन्हा ठिगळ. पुन्हा पास. ताई दहा पावलं लांब, जिथे आदल्या दिवशी तिनंच जोड पास केला होता तिथे जाऊन बसली. साबण, पेटी, पंप.

तीन. थांबले. तीन.

जणू खालून कुणीतरी तिच्या मागे मागे सरकत होतं.

मामा आता थट्टा करत नव्हते. ताईनं हात लांब करून पंपाचं बटण बंद केलं. घरघर थांबली. पेटीत ओढच उरली नाही. ओढ नाही, तर बुडबुडा नाही. हे कुणी शेंबडं पोरही सांगेल.

माळावर कसलाच आवाज नव्हता...

टप.

टप.

टप.

ताईनं पेटी उचलली आणि हात घसरून तिचा तळवा चादरीवर टेकला. उन्हानं चादर पोळत होती. पण तेवढीच जागा कोमट लागली. आणि तळव्याखाली काहीतरी उचललं गेलं... छोटंसं, पाच टोकांचं... आणि तिच्या तळव्याला आतून येऊन टेकलं.

पिटुकलीच्या हाताएवढं.

"वायू असतो खाली," साहेब वॉकीटॉकीवर म्हणाले. "उन्हानं फुगतो. घाबरताय काय?"

वायू फुगतो, हे ताईलाही ठाऊक होतं. वायूला बोटं नसतात, हेही ठाऊक होतं.

आता घरचं सांगते.

ताईचे यजमान दुसऱ्या शहरात नोकरीला. घरी ताई, सासूबाई आणि पिटुकली. घर दुसऱ्या मजल्यावर, एक खिडकी तळ्याच्या दिशेला. ताईची स्वच्छता म्हणजे छळच. कामावरचे कपडे कामावर, बूट दाराबाहेर, केसांवरून आंघोळ, आणि मगच लेकीला हात लावायचा. सासूबाई म्हणायच्या, "अगं, पोर तुझी आहे की प्रयोगशाळेतली काचेची नळी?"

असं डोळ्यांत तेल घालून जपणाऱ्या बाईच्या हातून एकच चूक झाली.

त्या संध्याकाळी साबणाच्या पाण्याची अर्धी बाटली उरली होती. पाणी स्वच्छ, ताईनंच सकाळी कालवलेलं. पिटुकलीला फुगे फार आवडायचे. ताईनं बाटली बाहेरून तीनदा धुतली आणि घरी आणली.

ब्रश बाटलीच्या झाकणालाच बसवलेला होता.

तो ब्रश दिवसभर जोडांवरून फिरला होता. चादरीवर फिरून पुन्हा पुन्हा त्याच पाण्यात बुडला होता. हे ताईला तेव्हा सुचलंच नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं.

पिटुकलीनं तारेची कडी बुडवून फुंकर मारली. घरात पंखा चालू होता. फुगे पंख्याच्या वाऱ्यानं दाराकडे जायला हवे होते.

ते एकामागून एक... रांगेनं... खिडकीकडे गेले.

आणि बंद काचेवर येऊन फुटले. तीन. मग थांबून तीन.

"शहाणे आहेत हो तुझे फुगे, रांग मोडत नाहीत," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

सकाळी ताई काच पुसायला गेली. साबणाचे गोल गोल डाग होते. तिनं फडकं फिरवलं. डाग गेले. पण त्यांच्या शेजारी आणखी काही गोल होते, पांढुरके. तोंडाची वाफ काचेवर सोडल्यावर उमटतात तसे. ते पुसले जाईनात.

ते बाहेरच्या बाजूला होते.

दुसऱ्या मजल्यावर.

ताईला त्या दिवशी सुट्टी होती. दुपारी जेवताना पिटुकली म्हणाली, "आई, ते म्हणतात, आम्हालाही फुगे दे."

"कोण म्हणतं?"

"खालचे."

"खालच्या मजल्यावरचे?"

"नाही गं. खालच्याही खालचे." मग ती सासूबाईंकडे वळली. "आजी, त्यातला एक विचारतो, ठकी कुठंय?"

सासूबाईंच्या हातातला घास हातातच राहिला.

ताईला वाटलं, त्या ओरडतील, रडतील. त्यांनी घास ताटात ठेवला, हात पुसले, आणि फार हळू म्हणाल्या, "त्याला सांग, ठकी म्हातारी झाली."

मग कळलं. सासूबाई त्याच गावात वाढलेल्या, कारखान्याच्या जुन्या वसाहतीत. थंडीत वसाहतीतली पोरं गरम तळ्यात पोहायला जायची. कुंपण नव्हतं, कुणी अडवत नव्हतं. आयाही म्हणायच्या, जाऊ देत, पाणी तापवायचा त्रास वाचला. सासूबाईंचा धाकटा भाऊ रोज जायचा. त्यांना ठकी म्हणणारा तो एकटाच.

"बुडाला का हो तो?" ताईनं विचारलं.

"तळ्यात कुणी बुडालं नाही गं. एकसुद्धा नाही. सगळी पोरं घरी आली. अंग पुसलं, जेवली, झोपली." त्या खिडकीकडे बघत होत्या. "पुढं मग एकेक करून खोकायला लागली. घरीच गेली सगळी. आपापल्या अंथरुणात. श्वास तीनदा यायचा बघ, आणि मग थांबायचा... आम्ही उशाशी बसून वाट बघायचो, पुन्हा येतो का."

ताई ताटावरून उठली.

तिनं धावत जाऊन बाटली उचलली. झाकण उघडलं. ब्रशच्या केसांत बारीक, करड्या रंगाचा गाळ चिकटला होता.



ती बाटली मोरीत ओतावी, तर पाणी नदीला जाणार. कचऱ्यात टाकावी, तर कुणाचं तरी पोर उचलणार. जिथली घाण तिथेच गेली पाहिजे. दुसऱ्या दिवशी शेवटचा जोड बंद व्हायचा होता. एका कोपऱ्यात दाराएवढं तोंड अजून उघडं होतं. ताईनं ठरवलं, बाटली तिथून आत सोडायची, आणि वर कायमची चादर.

तिनं बाटली पिशवीत घातली. ती पिशवी तिनं खांद्यावरून क्षणभरही उतरवली नाही, असं ती शपथेवर सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारीच आभाळ काळवंडलं. वादळ येणार, असा निरोप होता. साहेब काठावरून ओरडत होते, "तोंड उघडं राहिलं तर सगळं भरून वाहील! विहिरींत जाईल! उरका!"

मामांनी शेवटची पट्टी ओढली. यंत्र फिरू लागलं. ताई बाजूला उभी. बाटली टाकायची हीच वेळ. तिनं पिशवीत हात घातला...

आणि चादर उचलली गेली.

एका जागी नाही. सगळीकडे. काठापासून काठापर्यंत, जिथे नजर जाईल तिथे, लहान लहान फुगवटे. कुठे तळवा. कुठे कपाळासारखं गोल. सगळे तिच्याकडे वळलेले.

मामांनी पाहिलं. त्यांनी यंत्र थांबवलं नाही. तोंडानं पुटपुटत होते, "बघू नका मॅडम. मी बघत नाही, तुम्हीही बघू नका."

जोड बंद झाला.

ताई गुडघ्यांवर बसली. साबण लावला. पेटी ठेवली. पंप सुरू.

काचेखाली बुडबुडे उसळले. तीन नाहीत, शेकडो. एकमेकांवर चढत, ढकलत, काचेला भिडत. दारात अडकलेली पोरं एकदम सुटायला बघतात तसे.

"पास का नापास?" वॉकीटॉकी खरखरली.

नापास म्हटलं तर जोड उघडावा लागणार, वादळ आत घुसणार, विहिरी जाणार. गावातलं प्रत्येक पोर ते पाणी पिणार. पिटुकलीसुद्धा.

पास म्हटलं, तर ही पोरं आत राहणार.

"मॅडम! पास का नापास?"

ताई काचेवर वाकली आणि कुजबुजली, "झोपा रे. झोपा आता."

मग बटण दाबून म्हणाली, "पास."

बुडबुडे थांबले. जोड कोरडा ठणठणीत, जणू कधी गळलाच नव्हता. आणि चादरभरचे ते फुगवटे खाली बसू लागले. सगळे एकदम नाही. आई ओरडल्यावर पोरं निजतात, एक निमूट, एक कुरकुरत, एक शेवटपर्यंत डोकं वर काढून, तसे.

शेवटचा फुगवटा बराच वेळ तसाच राहिला.

मग तोही गेला.

पावसाची सर आली तेव्हा ताईच्या ध्यानात आलं, तिचा एक हात पिशवीत होता. हातात बाटली.

टाकायची राहिली होती.

"विसरले," ती म्हणते. पण ती काही विसरणारी बाई नाही. "माझ्या हातातून ती सुटलीच नाही," असंही ती एकदा म्हणाली. मी पुढे विचारलं नाही.

साहेबांनी तर हातच झटकले. "आता उघडायचं नाही म्हणजे नाही. एका बाटलीसाठी? वेड लागलंय का?"

शेवटी मामांनीच उरलेल्या चादरीच्या तुकड्याची पिशवी केली, बाटली आत घातली आणि चारही बाजूंनी इस्त्री फिरवली. ताईच्या हातात देताना म्हणाले, "घ्या. तुमचं स्वतःचं तळं."

त्यांना विनोद करायचा होता. दोघांनाही हसू आलं नाही.

ताई घरी आली. आंघोळ केली. पिटुकली दुपारची झोपून नुकतीच उठली होती, डोळे चोळत होती.

"आई, तू लावलंस ना?"

"काय गं?"

"ते म्हणाले होते, तुझी आई लावेल." पिटुकलीनं जांभई दिली. "आणि मोठी झालीस की तू उघड. मी हो म्हटलंय."

वादळ येऊन गेलं. थेंबही आत गेला नाही. विहिरींचं पाणी चांगलं आलं. चादरीवर माती पडली, मातीवर गवत आलं, भोवती कुंपण आलं. 'येथे खोदू नये' अशी पाटी आली. काम उत्तम झालं म्हणून साहेबांची बढती झाली.

सासूबाई त्याच वर्षी गेल्या. झोपेत. आपल्या अंथरुणात.

ताईनं ते घर सोडलं. आता ते सगळे लांबच्या शहरात राहतात. डॉक्टर झाले, मोठे डॉक्टर झाले, फोटो झाले. पिटुकलीची छाती स्वच्छ आहे. "मुलीला काही नाही, आईला झोपेची गरज आहे," असं म्हणतात.

पण झोपेत पिटुकलीचा श्वास तीनदा येतो...

आणि थांबतो.

ताई उशाशी बसून वाट बघते.

आजवर तरी दर वेळी पुन्हा आलाय.

आणि ती बाटली. ती टाकायला जगात कुठेही जागा नाही. ताईनं कारखान्याच्या जुन्या मालकांना विचारलं, नगरपालिकेला विचारलं, एका प्राध्यापकांना विचारलं. सगळे म्हणाले, सध्या नीट झाकून ठेवा. पुढे काहीतरी सोय होईल.

म्हणून ती कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात आहे. काळ्या पिशवीत. दुपारी घर शांत असलं की पिशवी थोडी फुगते, असं ताई म्हणते. मी स्वतः पाहिलेलं नाही. मी त्यांच्याकडे गेले की त्या खोलीत जात नाही.

पिटुकली आता शाळेत जाते. हुशार आहे, गोड आहे. कपाटाला कधी हात लावत नाही. फक्त अधूनमधून त्याच्यासमोर जाऊन उभी राहते, टाचा उंचावते, हात वर ताणते, आणि कुठवर पोचला ते बघते.

मग परत खेळायला जाते.

दर वर्षी तो हात थोडा वर पोचतो.

मागच्या महिन्यात ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. माझी लेक काय करते, रांगते का, विचारलं. 

"ऐक ना," ती म्हणाली. "तुझी अजून लहान आहे. तिचा हात पोचायला खूप वर्षं आहेत. थोडे दिवस ती बाटली तुझ्याकडे ठेवशील?"

मी म्हटलं, सांगते.

अजून सांगितलेलं नाही. पण परवा दुपारी लेक झोपली होती तेव्हा मी स्टूल घेऊन आमच्या कपाटाचा वरचा कप्पा पुसून ठेवला.

का पुसला, ते मला माहीत नाही.